गावाच्या तोंडी बसणारं वाक्य

प्रश्न असा आला आहे: "आमच्या गावात एक आजोबा होते. शाळा शिकले नव्हते, पण बोलता बोलता एखादा शब्द टाकायचे आणि आठ दिवसांत तो गावभर व्हायचा. मी आता शेतकरी गटासोबत काम करतो. सोयाबीनच्या बियाण्याबद्दल आम्ही 'उगवणक्षमता चाचणी करा, उत्पादन वाढवा' असं चार भिंतींवर रंगवलं. कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. लक्षात राहील असं बोलणं ही उपजत देणगी असते की शिकता येतं?"

भाऊ, मी 29 वर्षं कृषी सहायक म्हणून यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतल्या कापसाच्या गावांत फिरलो. माझी नोकरी म्हणजे सांगणं. वावरात सांगा, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सांगा, बाजाराच्या दिवशी भोंग्यावरून सांगा. सांगितलेलं घरी जाईपर्यंत माणसाजवळ उरत नाही, हे पहिल्या दोन वर्षांतच कळलं. तेव्हापासून मी उरणाऱ्या वाक्यांच्या मागे लागलो. तुमच्या आजोबांसारखी माणसं जवळजवळ प्रत्येक गावात भेटली. कुणी सालदार, कुणी निंदायला जाणारी बाई, कुणी चहाच्या टपरीवरचा. त्यांची जीभ कदाचित जन्मजात असेल. पण त्यांचा कान मी पाहिला आहे, आणि कान शिकवता येतो.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे मला काय म्हणायचं आहे ते कळेल.

2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पोखरून काढली. पुढच्या वर्षी आम्ही पात्या-फुलं लागल्यापासूनच गावोगाव होतो. पतंगांना वासानं ओढणारे कामगंध सापळे लावा, एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की फवारणीचं ठरवा, आणि डोमकळ्या तोडून नष्ट करा, असं सांगत होतो. डोमकळी म्हणजे अळी आत बसलेलं फूल. पाकळ्या आतून चिकटवलेल्या असतात, त्यामुळे ते उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. हातातल्या पत्रकात लिहिलं होतं, "प्रादुर्भावग्रस्त डोमकळ्या वेचून अळीसह नष्ट कराव्यात." मी ते निंदणाऱ्या बायकांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा निंदायला लागल्या.

मग एक डोमकळी तोडून फोडली. आत अळी वळवळली. धुऱ्यावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधलेली होती, त्यात एकीचं लेकरू झोपलं होतं. पन्नाशीची एक बाई एकदा त्या झोळीकडे आणि एकदा माझ्या तळहाताकडे पाहून म्हणाली, "हे काई फूल नाई साहेब, हे त अळीची झोळी होय."

मी वहीत लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात त्या गावात गेलो तर लोक एकमेकांना विचारत होते, "आज किती झोळ्या तोडल्या?" डोमकळी हा शब्द कुणी काढलाच नाही. शेजारच्या दोन गावांत मी स्वतः तो शब्द नेऊन सोडला, तिथेही तो चालला. त्या हंगामात मी बाकी काय काय बोललो ते आज मलाही आठवत नाही. झोळी मात्र अजून बोलली जाते.

आता त्या बाईनं नेमकं काय केलं ते बघा. नवा शब्द घडवला नाही. रोजच्या वापरातला, हाताला सवय असलेला शब्द तिनं उचलला आणि बरोबर जागी ठेवला. झोळी म्हटलं की आत कुणीतरी निजलं आहे, ते खाऊन-पिऊन मोठं होणार आहे, हे प्रत्येक बाईला आपोआप कळतं. 'प्रादुर्भावग्रस्त' या शब्दात आत काय आहे ते दिसत नाही. शिवाय तिनं तो शब्द शोधायला वेळ घेतला नव्हता. झोळी समोर लटकत होती. मी गेली वीस मिनिटं त्याच झोळीसमोर उभा होतो आणि मला ती दिसली नव्हती. हा फरक जिभेचा नाही.

आपल्या भागात अशा माणसांना तयार करणारी एक जुनी शाळा आहे, ती म्हणजे पोळ्याच्या झडत्या, बैलांसमोर म्हणायच्या यमकी ओळी. तोरणाखाली बैल उभे राहतात, आणि तोरण तुटायच्या आधी एकेक जण पुढे येऊन झडती म्हणतो. शेवटी ठरलेलं असतं: एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव. जुनी झडती पाठ म्हटली तरी चालतं, पण गावाला त्या वर्षीची नवी ऐकायची असते. कापसाचा भाव, कर्ज, विजेचं लोडशेडिंग, सगळं त्यात येतं. आणि परीक्षा तिथल्या तिथे होते. झडती जमली तर 'हर हर महादेव' असा उठतो की बैल बुजतात. नाही जमली तर पाचपन्नास लोक ओठातल्या ओठात म्हणून मोकळे होतात. मी लहानपणापासून त्या आवाजाचं माप घेत आलो. जुन्या झडत्यांत पार्वतीच्या लुगड्याला छप्पन गाठी आहेत, ते 'छप्पन' बघा. 'फार गाठी' म्हटलं असतं तर गरिबी कळली असती, पण दिसली नसती. मोजलेली गाठ दिसते. देवाच्या बायकोच्या लुगड्याला गाठी, म्हणजे आपल्या घरचंच लुगडं. ते वेगळं सांगावं लागत नाही.

पूर्व विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणारी मोठी बाहुली. नागपूरची काळी आणि पिवळी मारबत सगळ्यांना माहीत आहे, पण खेड्यातही पोरं गावाबाहेर घेऊन जातात आणि ओरडतात, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" याची रचना तयार आहे, फक्त पहिली जागा रिकामी आहे. त्या वर्षी गावाला जे छळतं ते तिथे बसवायचं. महागाई घेऊन जा गे मारबत. बोंडअळी घेऊन जा गे मारबत. ज्यांना वाटतं की आपल्याला सुचत नाही, त्यांनी इथून सुरुवात करावी. अर्धं वाक्य गावाचं, शेकडो वेळा तोंडात घोळलेलं. तुम्ही फक्त एक शब्द आणायचा. तो शब्द चुकला तर लगेच कळतं, कारण पोरं तो पुन्हा ओरडत नाहीत.

मोजमापाबद्दल थोडं. वाक्याला ठोका लागतो. यमक असलं तर उत्तम, पण ठोका आधी. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही जुनी ओळ अजून जिवंत आहे, कारण 'ऱ्हाड' दोनदा कानावर आदळतं, आणि मध्ये सोनं आहे. आज वऱ्हाडातला कास्तकार ती ओळ कडवटपणे म्हणतो, तरी म्हणतोच. लालबहादूर शास्त्रींनी 1965 मध्ये दिलेली 'जय जवान, जय किसान' घ्या. जवान आणि किसान, दोन्ही तीन अक्षरी, दोन्हींच्या मध्ये आकार, शेवटी न. तराजूची दोन पारडी. शेतकऱ्याला सैनिकाच्या बरोबरीनं बसवायचं होतं, आणि ती बरोबरी आवाजातच करून ठेवली आहे. क्रियापद नाही, म्हणून त्यात जुनं होण्यासारखं काही नाही. नक्षत्रांच्या म्हणीही अशाच: पडतील स्वाती तर पिकतील मोती. एवढ्या चार-पाच शब्दांत रब्बीच्या ओलीचं अख्खं गणित ठेवून दिलं आहे. ज्यांनी ते ठेवलं त्यांना कागद नव्हता, म्हणून वाक्यालाच कागद करावं लागलं.

पण नुसत्या ठोक्यानं वाक्य टिकत नाही. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव आहे. त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल: "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." मी ही ओळ अनेक तरुणांना समजावून सांगितली आहे, कारण इतकी चांगली ओळ मराठीत फार थोडी आहे. 'आमचे' ते 'आम्हीच', एवढाच बदल. पहिल्या अर्ध्यात सरकार दूर आहे आणि आपलं आहे, त्याच्याशी भांडण नाही. दुसऱ्या अर्ध्यात ते 'च' येतं आणि सरकार आपण होतो. राज्यघटना, ग्रामसभा, स्वशासन हे सगळं त्या एका 'च'मध्ये मावलं आहे. आणि या ओळीच्या मागे काम आहे. मेंढ्यात निर्णय सर्वसहमतीनं होतात, बहुमतानं नाही. अभ्यास गट बसतात. 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं, आणि 2011 मध्ये बांबू विकण्याचा हक्कही त्यांनी घेऊन दाखवला. गाव रोज तसं वागत नसतं, तर ही ओळ केव्हाच भिंतीवर सुकून गेली असती. कितीतरी गावांनी ती उसनी घेतली, फलक लावले आणि ग्रामसभेला कोरम भरेना. तिथे ती ओळ कुणी तोंडानं म्हणत नाही.

म्हणून नवीन पोरं मला वाक्य मागायला येतात तेव्हा मी आधी विचारतो, हे म्हटल्यावर माणसानं हातानं काय करायचं? झोळी तोडायची. मातीत वीत घालून ओल बघायची. हाताला काम नसलेलं वाक्य पाहुण्यासारखं येतं आणि जातं.

आता तुमच्या आजोबांचं नाव गावाला आठवतं की शब्द आठवतात, ते मला माहीत नाही. बहुतेक वेळा शब्द उरतात आणि नाव जातं. आमच्या वर्ध्यात 1942 च्या जुलै महिन्यात काँग्रेस कार्यसमितीनं इंग्रजांनी देश सोडावा असा ठराव केला. पुढच्या महिन्यात आंदोलन पेटलं, चिमूर आणि आष्टीच्या गावकऱ्यांनी जीव दिला. त्या आंदोलनाचं 'छोडो भारत' हे नाव आपण गांधीजींसोबत जोडतो. ते शब्द सुचवले मुंबईचे समाजवादी नेते युसूफ मेहेरअली यांनी, आणि 1928 ची 'सायमन गो बॅक'ही त्यांचीच. वर्धा-सेवाग्राममध्ये शाळेच्या सहली येतात, किती मुलांना हे नाव सांगितलं जातं? मला याचं वाईट वाटतं, म्हणून मी जिथे बोलतो तिथे सांगतो. पण वाक्य घडवायचं असेल तर हे आधी पत्करलं पाहिजे. भिंतीवर वाक्याखाली गटाचं नाव, प्रायोजकाचं नाव, अध्यक्षांचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं, की ते वाक्य त्यांचं राहतं. लोक दुसऱ्याची वस्तू उचलत नाहीत.

दुसरीही एक देणगी असते आणि तिची कदर कमी होते: दुसऱ्याच्या बोलण्यातलं वाक्य ओळखण्याची. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर तुम्हाला माहीत असेल, जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी पंथाचे प्रवर्तक चक्रधर स्वामींच्या आठवणी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या, आणि त्या सगळ्या ढिगातून केसोबासांनी स्वामींची वचनं निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. बोलणारे चक्रधर, पण कुठलं वाक्य एकटं उभं राहू शकतं हे ओळखणारे केसोबास. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक हे असं, ऐकून निवडण्याचं काम आहे, आणि ते आपल्या मातीत झालं. माझ्याकडे 17 वह्या आहेत. त्यात माझी स्वतःची वाक्यं फार थोडी. बाकी सगळी निंदणीच्या ओळीतली, एसटीतली, दवाखान्याच्या बाकावरची, मयतीहून परतताना ऐकलेली. तुम्ही आजपासून एक वही ठेवा. मोबाइलवर रेकॉर्ड करू नका. माणूस सावध होतो. घरी येऊन आठवून लिहा. जे घरापर्यंत आठवलं नाही ते तसंही टिकणारं नव्हतं.

गाडगेबाबांच्या कीर्तनाबद्दल माझ्या वडिलांकडून ऐकलं ते इथे उपयोगी आहे. बाबा प्रश्न विचारायचे आणि थांबायचे. उत्तर लोकांनी द्यायचं. मग त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. शेवटी जे निघायचं ते हजार माणसांच्या स्वतःच्या तोंडून निघालेलं असायचं, मग ते विसरणार कसं? सगळं वऱ्हाडी बोलीत. त्यांचं नावसुद्धा लोकांनीच ठेवलेलं. हातात गाडगं म्हणून गाडगेबाबा, अंगावर चिंध्या म्हणून कुठे चिंधेबुवा. मी शेतीशाळेत हेच करायला लागलो. निष्कर्ष सांगायचा नाही, शेवटचा शब्द सोडायचा. तिथे जो शब्द लोक घालतात तो बऱ्याचदा माझ्या शब्दापेक्षा चांगला असतो.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती, त्यात पंप पाठीवर घेऊन माणूस शिरायचा आणि सगळं अंगावर यायचं. मी दोन रात्री जागून वाक्य केलं: "वारा पाठीवर, तर फवारा पिकावर, वारा तोंडावर, तर जहर जिवावर." मला ते पूर्ण वाटत होतं. दहा-बारा दिवसांनी एका टपरीवर ऐकलं: "वारा तोंडावर, जहर जिवावर." पहिला अर्धा भाग गळून पडला होता, 'तर' गळला होता. आधी मला खटकलं. मग लक्षात आलं की गावानं त्यातलं हाड काढून घेतलं आहे. वाऱ्याच्या दिशेनं फवारल्यास काय होतं हे कुणाला सांगायला नको होतं. भीती कशाची ते हवं होतं. पुढे भिंतीवर मी गावाचीच ओळ रंगवली. तेव्हापासून मी कुठलंही वाक्य आधी तोंडी सोडतो, पंधरा दिवस थांबतो, आणि गाव ज्या रूपात परत देईल त्या रूपात रंगवतो. रंगाचा डबा उघडायची घाई करू नका.

आता सर्वांत महत्त्वाचं सांगतो, आणि हे मला सांगायला जड जातं.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एक वाक्य केलं होतं: "मिरगाचं पेरणं, घर भरून उरणं." मृग साधला की पीक चांगलं येतं हा जुना अनुभव आहेच, त्याला मी यमक दिलं. ते फार चाललं. लग्नात, दुकानात, पोरांच्या तोंडी, सगळीकडे. मला अभिमान वाटायचा. मग एक वर्ष असं आलं की मृगात एक जोरदार सर आली, वरची चार बोटं माती ओली झाली आणि अख्ख्या पंचक्रोशीनं पेरायची तिफन काढली. त्यानंतर तीन आठवडे पाऊस नाही. बी जमिनीत कुजलं, जे उगवलं ते करपलं. दुबार पेरणी. ज्या घरात पहिल्या पेरणीलाच बायकोचे कानातले गहाण पडले होते, तिथे दुसऱ्यांदा बियाणं कुठून आणायचं? एक म्हातारे कास्तकार माझ्याजवळ आले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुमीच त म्हनलं होतं ना, मिरगाचं पेरणं."

मी लगेच दुरुस्ती सुरू केली. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, हे सभेत सांगितलं, पत्रकं वाटली, दवंडी दिली. पुढच्या वर्षी मृगाची सर आली आणि लोक पुन्हा तिफन घेऊन निघाले, तोंडी माझंच जुनं वाक्य. आकड्यानं वाक्य हटत नाही. घरात पर्जन्यमापक कुणाकडे आहे? पाच-सहा वर्षं मी त्या एका ओळीशी झगडलो, जी मीच सोडली होती. शेवटी एका पेरणीच्या आधी एक गृहस्थ कुदळीनं माती उकरून हाताची वीत आत घालून पाहत होते. ओल वीतभर खाली उतरली आहे का, एवढंच ते बघत होते. तिथे वाक्य मिळालं: "वीतभर ओल, मंगच पेरणीचं बोल." 75-100 मिलिमीटर चांगला मुरला की काळ्या जमिनीत साधारण तेवढी ओल दिसते. प्रत्येकाजवळ वीत आहे. जुनं वाक्य हळूहळू मागे गेलं. एक वाक्य दुसऱ्या वाक्यानंच निघतं, पण त्या मधल्या वर्षांत ज्यांचं बी गेलं त्यांचं काय, हा प्रश्न माझ्यासोबत आहे.

म्हणून तुम्ही विचारलं नाही तरी हे सांगतो. लक्षात राहणारं बोलण्याची कला हाताशी आली की खरं-खोटं तपासण्याची जबाबदारी दुप्पट होते. विसरली जाणारी चूक फारसं नुकसान करत नाही. तोंडी बसलेली चूक तुम्ही बदली होऊन गेल्यावरही पेरत राहते.

माणसांना चिकटणाऱ्या शब्दांचंही तसंच. गावात टोपणनावं ठेवणारे फार हुशार असतात, मला त्यांचं कौतुक आहे, पण मी त्यांना हात जोडून सांगत आलो की घरावर आघात झालेल्या माणसाला नाव ठेवू नका. आणि हे फक्त टपरीवरच्या पोरांना लागू नाही. 'आत्महत्याग्रस्त कुटुंब' हा शब्द कागदातून गावात आला आणि नवरा गेलेल्या बाईच्या दाराला चिकटला. अशा एका घरी मी योजनेचा अर्ज भरायला गेलो होतो. चार एकर ती एकटी कसत होती, त्या वर्षी तिची तूर गावात सगळ्यांत चांगली होती. ती म्हणाली, "साहेब, वावर मी वाहतो, तवा कास्तकार लिवा. ते दुसरं नका लिवू." त्या रकान्यात दुसरा शब्द बसत नव्हता. मी समासात 'कास्तकार' लिहिलं. पुढे तिच्याबद्दल बोलताना सभेत प्रत्येक वेळी हाच शब्द वापरला, आणि दोन-तीन वर्षांनी लोकही वापरायला लागले. नवा शब्द घडवण्यापेक्षा हे काम मला मोठं वाटतं.

आता तुमच्या सोयाबीनकडे येऊ. 'उगवणक्षमता चाचणी करा, उत्पादन वाढवा' यात काय अडलं ते एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. 'उगवणक्षमता' हा शब्द गावात कुणी बोलत नाही. लोक 'उगवते का?' असं विचारतात. हातानं काय करायचं ते वाक्यात नाही. आणि 'उत्पादन वाढवा' हे खताच्या पोत्यापासून ट्रॅक्टरच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे लिहिलेलं असतं, त्यामुळे डोळा त्यावरून घसरतो.

काम असं आहे: घरच्या बियाण्यातले शंभर दाणे सरसकट घ्यायचे, निवडून नाही. ओल्या पोत्याच्या तुकड्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करायची, सावलीत ठेवून ओल टिकवायची. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले मोजायचे. सत्तर किंवा जास्त निघाले तर एकरी 30 किलो बियाणं पुरतं.

तुमचा प्रश्न वाचताच माझ्या डोक्यात पहिली ओळ आली ती अशी: "शंभरात सत्तर, नाही तर बी फत्तर." ठोका आहे, यमक आहे, आकडा आहे, पोरांच्या तोंडी दोन दिवसांत बसेल. पण मी ती तुम्हाला देत नाही, आणि तुम्हीही रंगवू नका. सत्तरच्या थोडं खाली, चौसष्ट-पासष्ट निघाले, तर एकरी बियाणं थोडं वाढवून तेच पेरता येतं. या ओळीमुळे एखादी बाई पासष्ट उगवणारं घरचं चांगलं बी जनावरांपुढे टाकेल आणि उधारीवर बाजारातली पिशवी आणेल. मिरगाच्या वेळी मला हे सुचलं नव्हतं.

तेव्हा भिंतीवरचं जुनं तसंच राहू द्या. मे महिन्यात गटातल्या पाच घरी पोत्याच्या गुंडाळ्या ठेवा आणि त्या उघडायच्या दिवशी तिथे जाऊन बसा. मोजणी बहुतेक घरातली बाई किंवा शाळेतली पोरगी करेल. ती मोजताना मध्ये बोलू नका. गुंडाळी उलगडल्यावर तिच्या तोंडून पहिला शब्द काय निघतो, कोंबाला ती काय म्हणते, न उगवलेल्या दाण्याला काय म्हणते, तेवढं ऐका आणि घरी येऊन वहीत लिहा. पाच घरांतली पाच पानं झाली की मला पाठवा, आपण दोघं मिळून बघू.